आप्पांची पितळी दांडी

धुडकू आप्पा मिस्तरी रोज सकाळी रस्त्याकडे पाठ करून दाढी करायचे आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाशी बोलायचे. म्हसावदला धडगावकडे जाणाऱ्या जीपा जिथे भरतात, त्याच्या जरा अलीकडे त्यांचं लेथचं, म्हणजे फिरत्या यंत्रावर धातू कातून भाग बनवायचं दुकान. शटरशेजारच्या खांबाला त्यांनी भंगारातल्या एका ट्रकचा बाजूचा आरसा नट-बोल्टने पक्का बसवला होता. खाली उपडा डबा, डब्यावर आप्पा, गळ्यात टॉवेल, तोंडाला फेस. मागून कोण चाललंय ते त्यांना आरशात बरोबर दिसायचं. मान न वळवता विचारायचे, "काय रे, पंप चालना का?" नवखा माणूस दचकून इकडेतिकडे बघायचा. पाठीने आपल्याला कोणी हाक मारली, हे त्याच्या लवकर ध्यानात यायचं नाही.

मी त्यांचा शेजारी. माझं मोटारी भरायचं दुकान आहे, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार काढायची आणि नवी भरायची. आमची भिंत एक, मीटर वेगळं आणि भांडण रोजचं. मी रेडिओ मोठा लावतो ही त्यांची तक्रार, त्यांच्या लेथच्या आवाजात मला गिऱ्हाईकाचं बोलणं ऐकू येत नाही ही माझी. चहा मात्र एकत्र. चहा पिताना आम्ही भांडत नसू, कारण तेव्हा आप्पांना दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला नावं ठेवायची असायची.

त्यांची दाढी म्हणजे साधं काम नव्हतं. दाढीचं मशीन जुन्या पद्धतीचं, वर टोपी, मध्ये पातं, खाली दांडी. टोपी बाजारातली, पण दांडी स्वतः लेथवर काढलेली, पितळेची. वापरून फेकायची प्लास्टिकची मशीनं निघाली तेव्हा मी एकदा त्यांच्यासाठी कौतुकाने एक आणलं. त्यांनी ते दोन बोटांत धरलं, उलटसुलट केलं आणि माझ्या खिशात परत ठेवलं. म्हणाले, "फेकाना मालले मी हात लावस नही." आणि न्हाव्याकडे जा म्हटलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "दुसराना हातनी दाढी दोनच जनासनी व्हस. एक नवरदेवनी, एक मुडदानी. मी दोन्हीमा नही."

दुसऱ्यांसाठी दांड्या करणं सुरू झालं ते जामसिंग पावरामुळे. जामसिंग वरच्या पाड्यावरचा, तोरणमाळकडचा. एकदा पेरणीच्या अवजाराची पिन करून घ्यायला आला आणि आप्पांच्या मागे येऊन उभा राहिला. आप्पांनी आरशातूनच त्याचं तोंड पाहिलं. कुठे केस, कुठे कातडी, कुठे खरचटलेलं. "ही काय दाढी शे? बकरीनी खादी का?" जामसिंगने उजवा हात पुढे केला. गुजरातेत उसाच्या कामाला गेला होता, तिथे चरकात अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं होतं. उरलेली तीन बोटं दाखवत तो म्हणाला, "पकडतो आप्पा, पण सुटते. साबण लागला की सुटते."

आप्पांनी फेस पुसला. अर्धी दाढी तशीच राहिली. दुकानाच्या मागेच त्यांचं घर, मधे फक्त एक दार. त्या दारातून त्यांनी सुनेला हाक दिली, "मनीषा, कनीकना गोया दे."

मनीषा म्हणजे त्यांच्या प्रवीणची बायको. प्रवीण सुरतेला कापडाच्या गिरणीत, सणासुदीला येणार. इथे ही आणि आप्पा. ती गावातल्या अंगणवाडीत सेविका आहे, आणि गावातली निम्मी पोरं तिच्या आवाजाने सरळ बसतात. ती कणकेचा गोळा घेऊन आली. तिला वाटलं, कोणाला भूक लागली असेल. आप्पांनी गोळा जामसिंगच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "धर. मशीन धरस तसा धर." जामसिंगने धरला. कणकेवर तीन बोटांचे खड्डे उमटले. आप्पांनी ते खड्डे मापले, कुठे किती खोल, दोघांमध्ये किती अंतर, आणि पितळेचा तुकडा लेथला लावला. मक्याच्या कणसाएवढी जाड दांडी निघाली, तीन बोटांना तीन खाचा आणि हात सरकू नये म्हणून वर बारीक जाळी पाडलेली. मनीषा दारात उभी राहून म्हणाली, "आते ती कनीक कोन खाई?"

जामसिंगने तिथेच, ट्रकच्या आरशापुढे, त्या दांडीने दाढी केली. सुरुवातीला दाबत होता. आप्पांनी त्याचं मनगट धरलं. "आवयू नको. मशीन पडत नही. वजनले काम करू दे, तू नुसती दिशा दाखाड." दाढी झाल्यावर जामसिंग गालावरून हात फिरवत आरशासमोर उभाच राहिला. हलेचना. आप्पा म्हणाले, "आते जाय रे बा, आरसा घसी जाई." आणि त्याला बाजूला सारून स्वतःची राहिलेली अर्धी दाढी करायला बसले.

त्यानंतर लोक यायला लागले. संधिवाताने बोटं वळलेले म्हातारे, भट्टीवर हात भाजलेला एक जण, ट्रॅक्टरवर मनगट मोडून वाकडं जुळलेला एक जण. हौसेखातर येणारी तरणी पोरंही. आप्पा सगळ्यांना कणीक धरायला लावायचे आणि सगळ्यांना तेच सांगायचे, आवळू नको, वजनाला काम करू दे. मनीषाने शेवटी कणकेचा एक वेगळा डबाच दुकानासाठी ठेवला. त्यात मीठ जास्त घालायची, म्हणजे कोणी चुकून पोळ्यांच्या परातीत आणून टाकली तर कळावं.

मग एक दिवस चहा पिताना आप्पांची कपबशी वाजली.

मी वर पाहिलं नाही. त्यांनीही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजली. काही दिवसांनी ते चहा बशीत न ओतता कपातूनच, दोन्ही हातांनी धरून प्यायला लागले. मी तेव्हा विचारलं. ते म्हणाले, "हातमा प्ले यी गया." आमच्या धंद्यात बेअरिंग झिजलं आणि शाफ्ट आत हलायला लागला की त्याला प्ले आला म्हणतात. "बेरिंग राहतं ते बदली टाकतू, हात कसा बदलू?" एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. शहाद्याच्या डॉक्टरांनी तपासलं, वयाचा कंप आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, कंप जायचा नाही.

पहिल्यांदा जबड्याखाली कापलं तेव्हा आप्पांनी तुरटी लावली. दुसऱ्यांदा गालावर कापलं. तिसऱ्यांदा मनीषा अंगणवाडीत निघता निघता दुकानासमोर थांबली, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि शटरची चावी मागितली.

त्यावरून जे झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. खोटं कशाला बोलू, रेडिओ बंद करून ऐकलं. ती आवाज न चढवता बोलत होती. तिच्या मामाचा हात नंदुरबारला मिरची कांडायच्या मशीनमध्ये गेला होता, तिच्या डोळ्यांदेखत, ती शाळकरी होती तेव्हा. "माले आखो एक हात गयेल देखना नही शे, आप्पा. तुमना हात किती हालस ते तुम्ही माले सांगावूत नही. पन गाल खोटं बोलस नही. गालवर रगत दखायनं का त्या दिन शटर बंद. गाल साफ, ते चावी तुमना हातमा."

आप्पांनी खूप समजावलं. लेथवर हत्यार हातात नसतं, लोखंडी पकडीत कसून धरलेलं असतं, हात फक्त चाक फिरवतो, चाक फिरवताना हात थरथरला तर काही बिघडत नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. पण तिने विचारलं, "आनि पॉलिश? कानस? ते कोन्ही पकडीमा राहस?" पॉलिश आणि कानस फिरत्या कामावर हातानेच मारावी लागते, आणि तिथेच बाही अडकते.

तर असं ठरलं. मला तेव्हा मनीषाचा राग आला होता, आजही थोडा येतो, पण तिच्या जागी मी असतो तर शटरला वेल्डिंगच मारून टाकलं असतं. आप्पांचं सगळं आयुष्य त्या लेथवर गेलेलं. दुकान बंद असलं की ते त्या डब्यावर बसून राहायचे, आणि काम नसलेला आप्पा बघवत नसे. त्यामुळे सकाळची दाढी ही आता नुसती दाढी राहिली नाही. रोज त्या ब्लेडच्या धारेवर त्यांचं दुकान होतं.

आप्पा हटणारे नव्हते. पहिल्यांदा त्यांनी लबाडी करून पाहिली. कापलेल्या जागी तुरटी, वरून पावडर. मनीषाने पदराच्या टोकाने पावडर पुसली आणि काही न बोलता चावी कमरेला खोचली. मग दोन दिवस दाढीच केली नाही. "नही करी, ते कापायनं बी नही," असं म्हणून हात पुढे केला. ती म्हणाली, "नही करी म्हनजे बंदच." या बाईने अंगणवाडीत सगळ्या प्रकारची पोरं हाताळलेली होती.

मग त्यांनी खरं काम सुरू केलं. आपला हात सुधारत नाही ना, तर दांडी सुधारायची. ज्या दिवशी गाल साफ निघायचा त्या दिवशी शटर वर करून ते आधी गिऱ्हाईकाचं काम हातावेगळं करायचे आणि मग स्वतःच्या दांडीला लागायचे. बंद दिवशी खडूने शटरवर दांड्यांची चित्रं काढायचे. जाड, बारीक, वाकडी, लांब. खडूच्या रेघासुद्धा थरथरलेल्या असायच्या. मीही अक्कल पाजळली. म्हटलं, हलकी करा आप्पा, अॅल्युमिनियमची करा, हाताला ओझं नको. त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी ती हलकी दांडी त्यांच्या हातात अशी नाचली की कानाच्या पाळीपर्यंत ओरखडा गेला. आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "तू मोटारी भर."

मग त्यांनी स्वतःच्या हाताची कणीक धरली. सगळ्यांची धरली, तशी आपलीही. मी शेजारीच होतो. कापल्याचा, बंद शटरचा सगळा राग त्या मुठीत उतरला होता. कणीक बोटांच्या फटीतून बाहेर आली. त्या मापाची दांडी करून त्यांनी दाढी केली, आणि पुन्हा कापलं. पुन्हा कणीक, पुन्हा दांडी. प्रत्येक वेळी खाचा जास्त खोल. दुसऱ्या प्रत्येकाला आवळू नको म्हणणारा माणूस स्वतः मात्र जीव खाऊन आवळत होता, आणि जितकं आवळायचा तितका हात जास्त हलायचा. मला ते दिसत होतं की नाही कोण जाणे. दिसलं असतं तरी अॅल्युमिनियमनंतर माझं कोण ऐकणार होतं?

बंद दिवस वाढत गेले. गिऱ्हाईक शहाद्याला जाऊ लागलं. सुरतेहून प्रवीणचा फोन आला, शहाद्याचा एक जण लेथ बघायला येतो म्हणतोय, होळीपर्यंत वाट पाहू, नाहीतर देऊन टाकू. तो माणूस येऊनही गेला. शटर अर्धं वर करून त्याने लेथभोवती फेरी मारली, एक हँडल फिरवून पाहिलं. आप्पा बाहेर डब्यावर बसून होते, आत आले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी आरशात बघून लोकांना हाका मारणंही सोडलं. मी सांगतो, त्या रस्त्यावर इतकं सुनं मला कधी वाटलं नव्हतं. मी मुद्दाम रेडिओ मोठा लावायचो, म्हटलं निदान शिव्या तरी घालतील. घातल्या नाहीत.

एक दिवस न राहवून मी म्हटलं, आप्पा, न्हाव्याला रोज सकाळी इथेच बोलावू, गाल साफ राहील, चावी मिळेल, झालं. ते म्हणाले, "सुभाष, आरे ती माले फसाडती ते चालतं. मी तिले कसा फसाडू?" मला वाटत होतं हे भांडण सासऱ्याचं आणि सुनेचं आहे. आप्पांच्या लेखी ते भांडणच नव्हतं. तिने शब्द दिला होता, यांनी घेतला होता.

तो रविवार होता, अंगणवाडीला सुट्टी. आप्पांच्या गालावर ताजं कापलेलं होतं, शटर खाली होतं. माझ्या दुकानात पाणी नसतं, ते रोज आप्पांच्या घरून यायचं. आप्पा मागच्या दाराने वळसा घालून माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले. जुना पितळी तांब्या, जड, काठोकाठ भरलेला. मनीषा मिरच्या वाळत घालायला बाहेर आली होती. ती मधेच थांबली.

"आप्पा, तसाच उभा ऱ्हा."

आप्पा उभे राहिले. ती जवळ आली आणि त्यांच्या हाताकडे वाकून बघायला लागली. मग मागे त्यांच्या वाटेकडे पाहिलं. फरशी कोरडी होती.

"घरथून आठेपावत आना. एक थेंब सांडना नही."

"ते काय, पानी आनता बी येस नही का माले?" आप्पा चिडून म्हणाले.

तिने माझ्या बाकावरचा रिकामा कप बशीसकट त्यांच्या दुसऱ्या हातात दिला. कप लगेच वाजायला लागला. तांब्या शांत. एकाच माणसाचे दोन हात, एक हलतोय, एक नाही. मग तिने अदलाबदल केली. कप त्या हातात, तांब्या या हातात. पुन्हा कपच वाजला. मी मोटार खाली ठेवली.

"देखा," ती म्हणाली, "तांब्या तुम्ही आवयतस नही. बोटं नुसता काठखाले शेतस. त्याना वजनवर तो लोंबकयी ऱ्हायना." आणि मग, बरीच हळू, "रोज लोकसले सांगतस, वजनले काम करू द्या. आनि सोता कनीकना गया दाबी ऱ्हायनात."

आप्पा तांब्याकडे बघत राहिले. त्यांनी तो वर उचलला, खाली केला, बोटं काठाखालून जराशी सरकवून पाहिली. मला पाणी देणं दूरच, तांब्या पार उलटासुलटा करून पाणी माझ्या पायावर सांडलं. मनीषाने कमरेची चावी काढली. गालावर रक्त असताना चावी काढायची ती पहिलीच वेळ होती, आणि शेवटची.

"आजना दिन. पन मी आठेच बठसू."

ती स्टूल घेऊन लेथपासून हातभर अंतरावर बसली. सगळ्यात आधी आप्पांच्या दोन्ही बाह्या तिने कोपरापर्यंत दुमडायला लावल्या. आप्पांनी एका जुन्या पंपातून निघालेला पितळेचा जाड तुकडा शोधला, जो त्यांनी बरीच वर्षं कशाला तरी लागेल म्हणून ठेवला होता. तो फिरायला लागला. चाकावरचा त्यांचा हात थरथरत होता, पण हत्यार पकडीत घट्ट होतं आणि पितळेचे सोनेरी कण सरळ रेषेत सुटत होते. मनीषा ते बघत होती. आप्पा रोज जे सांगत होते ते तिला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. खाली गोल जड पोट, वर आत गेलेली मान, मानेच्या वर बाहेर आलेला काठ. दाढीच्या मशीनची दांडी नव्हती ती, तांब्याचं लेकरू होतं. पॉलिशची वेळ आली तेव्हा ती उठली आणि बटण बंद केलं. "पॉलिश नको. खरबडी ऱ्हाऊ द्या, हातमा बरी बसी." आप्पांनी आयुष्यात बिनपॉलिशचं काम दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा दांडीकडे पाहिलं आणि बिनपॉलिशची दांडी खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर सगळ्यांना काही ना काही काम निघालं. चहावाला समोर येऊन ग्लास धुवत होता. जीपवाला टायर तपासत होता. मी एका मोटारीत तार भरत होतो आणि किती वेढे झाले ते मला आजही सांगता येणार नाही. आप्पांनी काठाखाली बोटं घातली. दांडी हातात धरली नाही, हाताला टांगली. पोट खाली ओढत होतं, पातं गालावर टेकलं, आणि हळूहळू खाली आलं. फेसाच्या मधून स्वच्छ पट्टा उमटला. मग दुसरा. हनुवटीपाशी ते थांबले. बोटं वळायला लागली होती. मला दिसलं, ती मूठ होऊ बघत होती. आप्पांनी श्वास घेतला, बोटं सोडली, आणि पुन्हा वजनावर सोपवलं.

मनीषा आली. टॉवेलने त्यांचं तोंड पुसलं, हनुवटीला दोन बोटं लावून आधी डावा गाल उजेडात धरला, मग उजवा. सासऱ्याच्या तोंडाला सुनेने हात लावायची आमच्याकडे रीत नाही. पण त्या घरात ती रीत आधीच मोडली होती, आणि ते कोणाला खटकलं नाही. तिने चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. आप्पांनी आरशात बघितलं. रस्त्यापलीकडचा चहावाला अजून तोच ग्लास धुवत होता. आप्पा म्हणाले, "आरे तो ग्लास घसी जाई, चहा आन." किती दिवसांनी त्यांनी आरशातून हाक मारली होती. मी खाली वाकून मोटारीत तोंड घातलं, कारण डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना आरशात दिसलं असतं, आणि मग वर्षभर ऐकावं लागलं असतं.

होळी आली, वरच्या पाड्यांवरून ढोल वाजवत माणसं उतरली, आणि लेथ जागेवरच होता. शहाद्याच्या माणसाला प्रवीणने नाही कळवलं. जामसिंग होळीच्या बाजाराला आला, नवी दांडी हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, "आप्पा, ही तर माझ्या दांडीपेक्षा चांगली निघाली." आप्पा म्हणाले, "हाई मन्ही नही. तिन्ही शे," आणि मागच्या दाराकडे बोट केलं.

पुढची काही वर्षं दुकान चाललं. हात थरथरणारे म्हातारे लांबलांबून यायला लागले, अक्कलकुव्याकडूनही यायचे. कणीक बंद झाली. आता मनीषा भरलेला तांब्या त्यांच्या हातात द्यायची आणि कोण कसा धरतो ते आप्पांना सांगायची. कोणी काठाखाली चार बोटं घालायचा, कोणी दोन, कोणी खालून तळव्यावर घ्यायचा. तशी ज्याची त्याची दांडी व्हायची. पॉलिश आणि कानशीचं काम तिने माझ्यावर ढकललं, आणि मी कुरकुरत केलं. दुकानाच्या नियमात मात्र तिने सवलत दिली नाही आणि आप्पांनी मागितली नाही. एखाद्या सकाळी कापायचंच. मग कोणी आलं की आप्पा स्वतःच सांगायचे, "आज बंद शे. रगत शे, देख." आणि डब्यावर बसून माझ्या रेडिओला शिव्या घालायचे.

यंदा थंडी संपता संपता ते थकले. दाढीला वेळ लागायचा. अर्ध्या गालावर थांबायचे, हात गुडघ्यावर टेकायचे, पुन्हा उचलायचे. मी एकदा फक्त हात पुढे केला, म्हटलं एवढा भाग मी करतो. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "नवरदेव शे का मी?" मी हात मागे घेतला.

त्या सकाळी त्यांनी दाढी पूर्ण केली. मनीषाने दोन्ही गाल पाहिले, चावी तळहातावर ठेवली आणि अंगणवाडीकडे निघाली. आप्पा डब्यावर बसून होते. मला वाटलं जरा दम खातायत. मी म्हटलं, आप्पा, शटर मी वर करू का? ते आरशात बघत होते, पण आरशातून माझ्याकडे नाही.

माणसं जमली, त्यांना आत नेलं. मनीषाला बोलावलं. प्रवीणला फोन गेला, तो सुरतेहून निघाला. अंघोळ घालायच्या आधी कोणी म्हातारं म्हणालं, दाढीचं बघा. मग सगळ्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ती दाढीसुद्धा ते स्वतःच्या हाताने करून गेले होते. चावी अजून त्यांच्या हातात होती. मला वाटलं बोटं उकलावी लागतील. नाही लागली. मूठ सैल होती, चावी अलगद निघाली.

बाहेर शटर खाली ओढल्याचे आवाज येत होते. रस्त्यावरचं कोणी वारलं की दुकानं बंद ठेवतात. मनीषा डोक्यावर पदर घेऊन आप्पांच्या उशाशी बसली होती. रडत होती, आवाज नव्हता. तिने हात पुढे केला, हनुवटीला दोन बोटं लावली, आधी डावा गाल उजेडात धरला, मग उजवा. रोज बघायची तसाच. मग माझ्याकडे वळली.

"कापेल नही शे. सुभाषभाऊ, शटर उघडा."

कोणीतरी समजुतीने म्हणालं, "पोरी, आज बंद ठेवतात."

"रगत व्हतं ते बंद. नही व्हतं ते उघडं," ती म्हणाली. "आप्पासनी कव्हय सवलत मांगी नही. मी बी देवावू नही, ना इकडनी, ना तिकडनी."

मी बाहेर आलो. आधी माझं शटर खाली ओढलं. मग आप्पांचं कुलूप काढून त्यांचं वर ढकललं. लेथ होता तिथे होता, बाकावर एका म्हाताऱ्याची अर्धी झालेली दांडी पडली होती. वळलो तर समोर ट्रकचा आरसा. त्यात मला मागचा अख्खा रस्ता दिसला, जीपांच्या थांब्यापर्यंत. चहावाला, किराणा, मोबाइलवाला, सगळी शटरं खाली होती. त्या दिवशी म्हसावदच्या त्या रस्त्यावर एकच दुकान उघडं होतं.